सुंद कोरडा होईपर्यंत

स्टूरहोल्म, ८ जून

प्रिय आल्फहिल्ड आत्या,

पाकिटावरचं अक्षर बघून म्हणाली असशील, ही भिंगरी आता कुठल्या गावाला जाऊन पडली. कुठेच नाही. घरी आहे. लोफोतेनमधलं मासे कापायचं काम संपलं, मग तालिनमध्ये एका बेकरीत लागले, तिथे पहाटे उठणं जमेना, मग एका म्हाताऱ्याच्या शिडाच्या होडीवर स्वयंपाकीण म्हणून निघाले. ती होडी वासा बंदराच्या धक्क्याला लागली आणि समोर आपला पूल दिसला. म्हटलं, आलोच आहोत तर बाबांना भेटून जाऊ. त्याला आता महिना होऊन गेला.

फोन करत नाही, कारण फोनवर तू हवा कशी आहे विचारतेस आणि ठेवून देतेस. पत्र तरी तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

तर बातमी अशी की मला नोकरी लागली आहे. उपग्रहाची. हसू नकोस. पैविक्की नावाच्या एक बाई आहेत, औलूच्या, त्या जंगलं मोजतात, आकाशातून. उपग्रह वरून जाताना रडारची लाट खाली सोडतो आणि जी परत येते ती पकडतो. फोटो नव्हे तो. अंधारात चालतो, ढगांतून चालतो, म्हणजे आपल्या नोव्हेंबरातसुद्धा चालतो. पाणी सपाट असतं, लाट त्याच्यावरून घसरून पुढे निघून जाते, परतच येत नाही, म्हणून चित्रात पाणी काळं. जमीन आणि झाडं खडबडीत, तिथून थोडीफार माघारी येते, म्हणून ती उजळ. त्यातही आखूड लाट पानांवरूनच परत फिरते. लांब लाट पानांना विचारतही नाही, सरळ आत खोडापर्यंत जाऊन धडकते. त्यावरून लाकूड किती ते काढतात. समुद्रातून नव्याने वर आलेल्या जमिनीवर जंगल कसं चढतं हे पैविक्कींना बघायचंय, आणि त्यासाठी आपल्या बेटांसारखी जागा नाही म्हणे. पण उपग्रह सांगतो ते खरं की खोटं हे बघायला खाली कुणीतरी हवं. ती मी. टेप घेऊन दिवसभर झाडांना मिठ्या मारत हिंडते. अल्डरचा चीक शर्टाला लागला की जात नाही. काल एका बर्चवर कुणीतरी चाकूने 'गुन्नर गाढव आहे' असं कोरलेलं सापडलं, फार जुनं, अक्षरं झाडाबरोबर रुंद झालेली. कोण गं हा गुन्नर?

हां, तर मुख्य गोष्ट राहिली. आपल्या बेटावर एक परावर्तक बसवलाय. अ‍ॅल्युमिनियमचे तीन मोठे पत्रे एकमेकांना काटकोनात जोडलेले. खोलीचा कोपरा कापून आणून उघड्यावर आकाशाकडे तोंड करून ठेवावा, तसं दिसतं ते. लाट त्यात शिरली की आली त्याच वाटेने परत जाते, म्हणून चित्रात तिथे लख्ख पांढरा ठिपका उमटतो. उपग्रहाला त्यावरून आपली जागा पक्की करता येते, आणि खडक वर्षाला किती वर येतोय तेही मोजता येतं. पैविक्कींना नुसता भक्कम खडक हवा होता. जागा बाबांनी दाखवली. टोकावरची. कुठली ते तुला ठाऊक आहे, त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

बाबा त्याला खुर्ची म्हणतात. आहेच तशी. तिरकी, उबदार, उन्हात तापलेली. परवा संध्याकाळी ते कॉफीचा मग घेऊन आत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पैविक्कींचा फोन.

"टीरा, तुमचा ठिपका काल फिका का पडला?"

"बाबा बसले होते," मी म्हटलं.

"कशात?"

"ठिपक्यात."

पैविक्की स्वीडिश बोलतात ती पुस्तकातलं वाचून दाखवल्यासारखी. त्या म्हणाल्या, "कृपया आपल्या वडिलांना कळवावे की ते आसन नाही." मी कळवलं. बाबा म्हणाले, "तिला सांग, आकाशातून माझी कॉफी मोजतेस, तर साखर किती तेही सांग."

मी तुला लिहितेय हे मी त्यांना सांगितलेलं नाही. पण आत्ता जाता जाता म्हणाले, "तिकीट नीट चिकटव, उमेओला जाताना फेरीबोटीवर सगळं ओलं होतं."

तुझी,
टीरा


स्टूरहोल्म, २७ जून

प्रिय आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. चालेल. या पत्राला येईल.

आधी दुकानातली गंमत. मिडसमरच्या सणाच्या आदल्या दिवशी मी नवे बटाटे आणायला गेले होते, तिथे गाईवाला सिक्स्टन आणि दुकानवाली हेल्मी तुझी गोष्ट एका पाहुण्याला सांगत होते. आता ती कशी सांगतात ते ऐक. तू म्हणे होडीत उभी होतीस, हातात वल्हं होतं, आणि बाबा टोकावर कुऱ्हाड घेऊन उभे होते. तू ओरडलीस, "रुनार, आता तुझ्या अंगणात पाय ठेवेन तो हा सुंद कोरडा झाल्यावर, आणि चालत येईन, कोरड्या पायांनी."

पाहुणा दक्षिणेकडचा होता. तो म्हणाला, "म्हणजे कधीच नाही."

हेल्मी म्हणाली, "तुमच्याकडे कधीच नाही. आमच्याकडे बसून हिशोब करावा लागतो."

मग सगळे हिशोबालाच बसले. आपल्या बेटाच्या आणि तू उमेओला गेल्यापासून रिकाम्या पडलेल्या तुझ्या लिलहोल्म बेटाच्या मधला हा सुंद, ते चिंचोळं पाणी, किती खोल, जमीन वर्षाला किती वर येते, गाळ किती साचतो. हिवाळ्यात बर्फावरून चालत येता येतं, ते धरायचं का? हेल्मी म्हणाली, बर्फ म्हणजे पाणीच, फक्त हट्टी. धरायचं नाही. सिक्स्टनचं म्हणणं, आल्फहिल्डला ऐंशीवं लागेल तेव्हा. हेल्मी म्हणाली, "त्याच्या आधी बाई पाय आपटून समुद्र रिकामा करेल."

आत्या, दोघंही चुकले.

पैविक्कींनी मला बेटांची चित्रं पाठवली आहेत, माझ्या झाडांशी ताडून बघायला. मी रविवारी झाडं बघायची सोडून आपलं घर शोधत बसले. समुद्र काळा. बेटं राखाडी, दाणेदार, रवा सांडल्यासारखी. टोकावर आपला ठिपका. आणि तुझं लिलहोल्म आणि आपलं बेट यांच्यामध्ये, जिथे काळी रेघ हवी, तिथे काळं काही नाही. या काठापासून त्या काठापर्यंत एक उजळ पट्टा. जमिनीपेक्षाही उजळ.

सुंद कोरडा झाला. उपग्रहाने पाहिलं.

सोबत चित्र पाठवते आहे. पेनाने गोल केला आहे तो सुंद. नोव्हेंबरचा अंधार पडेपर्यंत थांबू नकोस. तुझ्या खोलीतली गादी मी उन्हात टाकली आहे. (ती अजून तुझीच खोली आहे. बाबा तिथे जाळी ठेवतात, पण फक्त एका कोपऱ्यात.)

बाबांना चित्र दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. "हं," म्हणाले, आणि जाळी उचलून शेडमध्ये घेऊन गेले.

टीरा


स्टूरहोल्म, ९ जुलै

प्रिय आत्या,

तुझं कार्ड मिळालं. 'पंधरवड्याने येते. नवे बूट घेतले.' बाबांनी ते खिडकीत टेकवून ठेवलं आहे, म्हणजे बाहेरून येणाऱ्यालाही दिसेल असं.

फक्त असं सुचवायचं होतं की घाई करू नकोस. या वर्षी डास फार आहेत. सिक्स्टनच्या गाईला इतके चावले की ती चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. शिवाय बटाटे अजून लहान आहेत. शिवाय तुझ्या गादीत उंदराने घर केलंय, छोटंच आहे, पण आता त्यांना हलवायचं म्हणजे पिलं आहेत. सप्टेंबर छान असतो. किंवा पुढचं वर्ष.

बूट परत करता येतात का?

टीरा


स्टूरहोल्म, १० जुलै

प्रिय आत्या,

कालचं पत्र फाडून टाक. उंदीर नाहीये.

सुंद कोरडा नाही. मी पैविक्कींना फुशारकी मारत सांगितलं की तुमच्या चित्रामुळे आमच्या घरातलं भांडण मिटतंय. त्यांनी चित्र उघडलं आणि काही बोलल्याच नाहीत. फिनिश माणूस गप्प बसतोच, पण हे निराळं गप्प बसणं होतं. मग म्हणाल्या, "टीरा, तिथे बोरू वाढतो का, पाण्यातलं ते उंच गवत?"

वाढतो. आता तो या काठापासून त्या काठापर्यंत वाढला आहे, माझ्याहून उंच. आणि हे मला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं त्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत होते: बोरू पाण्यात उभा असला की लाट आधी पाण्यावरून घसरते, मग उभ्या काड्यांवर आपटते, आणि आली तशी परत वर जाते. बाबांच्या त्या खुर्चीसारखंच. म्हणून पाण्यातला बोरू कोरड्या जमिनीहून जास्त चमकतो.

"जिथे सगळ्यात जास्त उजळ दिसतं," पैविक्की म्हणाल्या, "तिथे थांबायचं आणि विचार करायचा. तू जाऊन पाहिलंस का?"

आत्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो तो सुंद. मी रोज तिथे भांडी घासते. जाऊन पाहिलं नव्हतं. आकाशातून दिसतंय म्हटल्यावर खाली कोण वाकून बघतं?

आज सकाळी गेले. बोरू बाजूला केला आणि गुडघ्याच्या वर बुडाले. एक बदक माझ्यावर ओरडलं.

परत येऊन बाबांना सांगितलं. ते अंगणात हेरिंग साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे."

"माहीत होतं? मग चित्र दाखवलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस ती येतेय," बाबा म्हणाले. "मी कशाला मोडता घालू?"

तर हे असं आहे. तुझा शब्द शब्द आहे, आणि पाणी पाणी आहे. तुला यायचंच असेल तर होडीने ये, आम्ही कुणाला सांगणार नाही. पण सिक्स्टन बघेल, म्हणजे सगळ्यांना कळेल.

तुझी (लाजलेली),
टीरा


स्टूरहोल्म, ४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझं उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं. 'पाण्यावरून चालायला मी येशू नाही. थांबते. जमीन येतेच आहे वर, आणि मीही कुठे जात नाही.' इथवर बाबा हसले. त्यांचं हसणं तुला आठवतं का, आवाज नसतो, फक्त खांदे. मग खालची ओळ वाचली. 'त्या चित्रात टोकावर पांढरा ठिपका कसला आहे? तिथे तर काही उरलेलं नसणार.' त्यावर ते उठून बाहेर गेले. मी पाठोपाठ गेले नाही. मग गेले.

तू विचारलंस म्हणून लिहिते आहे. नाहीतर लिहिणार नव्हते.

ठिपका म्हणजे ती खुर्ची. ती तुझ्या स्प्रूसच्या खुंटाशेजारी आहे. आजोबांच्या खुणेच्या झाडाच्या. पैविक्कींना बेटावरचा कुठलाही खडक चालला असता. बाबा त्यांना सरळ तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, "इथे लांबून दिसेल असं काहीतरी असायला हवं." मला वाटलं, सहज म्हणाले.

मी गेले तेव्हा ते खुंटावर बसले होते. मी विचारलं, झाड का पाडलंत? आजवर मी हे विचारलंच नव्हतं, लहान होते तेव्हा घाबरायचे, मोठी झाले तेव्हा घरी नव्हते. ते म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते:

"समुद्रातून येताना ते झाड आणि बोटशेडचं शिखर एका रेषेत धरायचं आणि सरळ आत यायचं, असं तुझ्या आजोबांनी आम्हाला शिकवलं. त्यांच्या काळी त्या रेषेत मोठं गलबत जायचं. पण तळ वर आला ना. रेषेखाली खडक आला. झाड तिथेच, शेड तिथेच, आणि मधे खडक. ही आल्फहिल्ड मात्र सप्टेंबरच्या धुक्यात त्याच रेषेत यायची, वेग कमी न करता. मी म्हटलं, रेषा सोड. ती म्हणाली, बाबांची रेषा आहे. पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. झाड खरं सांगत होतं तोवर उभं ठेवलं. मग पाडलं."

मी म्हटलं, "हे तिला का नाही सांगितलंत?"

"सांगायला ती थांबली कुठे? वल्हं उगारून शपथ घेतली आणि गेली."

"नंतर?"

"नंतर काय. नंतर ती तिच्या लिलहोल्मला बाहेरच्या बाजूने, खडक टाळून येऊ लागली. काम झालं होतं."

आत्या, तुला वाटत होतं की तुला घर सापडू नये म्हणून त्यांनी ते पाडलं. मलाही तसंच वाटायचं, कारण लहानपणी ही गोष्ट मी तुझ्याकडूनच ऐकली होती.

बोटशेड आता गवतात उभी आहे. दारापासून पाणी इतकं लांब गेलंय की दारात फक्त मेंढ्या येतात.

टीरा

ता. क. गुन्नर कोण ते तू सांगितलं नाहीस.


स्टूरहोल्म, २० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मी अजून इथेच आहे, याचं सगळ्यांना आश्चर्य आहे, सगळ्यात जास्त मला. ऑक्टोबरात एकदा पाठपिशवी भरली होती. पण पैविक्की म्हणाल्या, पानं गळाल्यावरचं जंगल आणि पानांचं जंगल चित्रात कसं बदलतं ते बघायचंय, तर थांब. थांबले. मग एक एल्क, मोठं शिंगाळं हरीण, पोहत लिलहोल्मवर गेलं आणि तुझ्या सफरचंदाच्या झाडाखाली आठवडाभर राहिलं, तर तेही बघायचं होतं. मग बर्फ पडला.

इतके महिने तुझं पत्र नाही, आणि मग नाताळात ते पार्सल. आत चिठ्ठी नाही, नुसते लोकरीचे मोजे. बाबांच्या मापाचे. त्यांनी उलटसुलट करून पाहिले. "टाच तिने आईच्या पद्धतीने विणली आहे," म्हणाले. तेव्हापासून पायातून काढलेले नाहीत. धुवायलाही मी रात्री चोरून काढते.

आता दुसरं सांगते. बाबा सुंदावरच्या बर्फात उभे राहून बोरू कापतायत. रोज, दुपारपर्यंत. सिक्स्टन आपल्या गाडीवरून भारे ओढून नेतो. मी विचारलं, कशाला?

"छपरासाठी."

"आपलं छप्पर पत्र्याचं आहे."

"मग मेंढ्यांना पसरायला."

"मेंढ्या हेल्मीच्या आहेत."

"हेल्मीला पसरायला," बाबा म्हणाले, आणि कोयता चालवत राहिले.

सगळा सुंद नाही कापत. मधून एक पट्टा, गाडीवाटेएवढा रुंद. आपल्या टोकापासून थेट तुझ्या सफरचंदाच्या झाडापर्यंत. कालच्या चित्रात तो दिसतो. बघ, पाठवते आहे. या वेळी मी पेनाने काही गोल केलेलं नाही. आणि जाऊन पाहून आले आहे.

टीरा


स्टूरहोल्म, ९ मे

आत्या,

हे पत्र सिक्स्टनच्या हाती पाठवते आहे. तो मोटारीचा सुटा भाग आणायला उमेओला येतोय, उद्याच्या फेरीबोटीने परत फिरेल. तू त्याच्याबरोबर ये. टपालावर थांबण्याइतका वेळ नाही.

बर्फ गेला. आठवडाभर आभाळात ढग नाही, बॅरोमीटरचा काटा इतका वर चढलाय की बाबा त्याला टिचकी मारून बघतात, आणि उत्तरेचा वारा पाणी दक्षिणेला ढकलतोय. समुद्र उतरलाय. धक्क्याच्या खालचे दगड दिसतायत, हेल्मी म्हणते असे तिने फक्त एकदा पाहिले होते. आणि सुंदात, बाबांनी कापलेल्या पट्ट्यात, पाणी नाही. मी सकाळी चालत तुझ्या बाजूला गेले आणि चालत परत आले. चिखल आहे. पण पाणी नाही. या वेळी उपग्रहाला विचारलेलं नाही, माझ्या पायांना विचारलं.

वारा फिरला की संपलं. बाबा म्हणतात, परवापर्यंत टिकेल.

नवे बूट घालून ये.

टीरा

ता. क. बाबा म्हणाले, 'तिला सांग, घाई नाही.' हे त्यांनी एका तासात चार वेळा सांगितलं आहे.


स्टूरहोल्म, १ जून

प्रिय आत्या,

तुझ्या शेजारच्या बिर्गितचा विश्वास बसत नाही म्हणून मी सगळं लिहून पाठवावं, असं तू म्हणतेस. मग बिर्गितला मोठ्याने वाचून दाखव. आणि तू त्या वेळी बुटाशी भांडत होतीस, त्यामुळे तुझ्याही काही गोष्टी निसटल्या आहेत.

बिर्गितबाई, ऐका. सिक्स्टनने आत्याला होडीने लिलहोल्मवर सोडलं, बाहेरच्या बाजूने, कारण सुंदात होडी जायचा प्रश्नच नव्हता. ती सफरचंदाच्या झाडाखाली उभी राहिली, पिवळे बूट, चर्चला जाताना घालतात तो कोट. या बाजूला मी, हेल्मी, आणि आणखी दहा-बारा लोक, जे सगळे म्हणे सहज फिरायला आले होते. बाबा नव्हते. तू मान उंचावून शोधत होतीस, मी पाहिलं.

बाबा तेव्हा बोटशेडच्या मागे होते. बिजागऱ्यांवर हातोडा मारत होते. हे तुला दिसलं नाही. तू निघालीस तेव्हा ते शेडचं दार काढत होते.

अर्ध्यापर्यंत तू झकास आलीस. मग डावा बूट रुतला. तू ओढलास, तो आणखी आत गेला. मी धावणार होते, हेल्मीने माझी बाही धरली. कारण बाबा येत होते. पाठीवर आख्खं दार घेऊन, कासवासारखे वाकून, चिखलातून. गेली कित्येक वर्षं ते म्हणत होते, मी एक पाऊल पुढे जाणार नाही. पावलं मी मोजली नाहीत, पण पुष्कळ होती.

बिर्गितबाई, पुढचं संभाषण मला ऐकू आलं, वारा आमच्याकडेच होता.

"रुनार, याला कोरडं म्हणतोस?"

"तुझ्या उजव्या पायाखाली कोरडंच आहे. डावा तू चुकीच्या ठिकाणी ठेवलास."

"मला काय माहीत कुठे ठेवायचा? खूण कुठे आहे इथे?"

बाबांनी दार चिखलावर टाकलं. पायाने दाबून पक्कं केलं. मग म्हणाले, "माझ्याकडे बघून ये."

तू बूट तिथेच सोडलास, पाय बाहेर काढलास आणि मोज्यानेच दारावर उभी राहिलीस. मग तुम्ही दोघांनी दार उचलायचं, पुढे टाकायचं, त्यावर चढायचं, तू म्हणायचीस डावीकडे, ते म्हणायचे सरळ, असं करत करत काठापर्यंत आलात. हेल्मी रडत होती आणि म्हणत होती की बोरूचं कुसळ डोळ्यात गेलं.

काठावर सिक्स्टनने तुला थांबवलं. शपथ म्हणजे शपथ. त्याने वाकून तुझा मोजा चाचपला, सगळ्यांसमोर, पशुवैद्यासारखा. "कोरडा," म्हणाला. तेव्हा कुठे तू खडकावर पाय ठेवलास.

कॉफी मी आणली, वेलदोड्याचे पाव हेल्मीने. तोवर तू त्या तापलेल्या पत्र्याच्या खुर्चीत जाऊन बसली होतीस, एक बूट घालून, आणि बाबा शेजारी खुंटावर. मला पैविक्कींची ताकीद आठवत होती. उपग्रह यायची वेळही झाली होती. मी काही बोलले नाही. तुम्ही दोघं त्या गुन्नरवरून हसत होतात, आणि बाबांचा आवाज येत होता, नुसते खांदे नाही. (तर तो गुन्नर म्हणजे बाबा. मधलं नाव. मला हे आधी कुणी का सांगितलं नाही, आणि कोरलं कुणी ते आता विचारत नाही.)

दुसऱ्या दिवशी फोन आलाच.

"टीरा, कालच्या चित्रात तुमचा ठिपका दिसत नाही."

"हो. आत्या बसली होती."

पैविक्कींनी नोंदवही उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "सुंदातून आली का?"

"चालत."

"मग नोंदीत कारण काय लिहू?"

"पाहुणे," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी त्यांना शेजारच्या खुंटावर बसायला सांग. तो रिकामा असेल तर."

त्या दिवसाचं चित्र त्यांनी मला पाठवलं. तुझ्यासाठी एक प्रत सोबत ठेवते आहे. समुद्र काळा, बेटं राखाडी. आता पाणी परत वर आलंय, तुझा बूट कुठेतरी खाली आहे, वीसेक वर्षांनी तो आपणहून वर येईल असं सिक्स्टन म्हणतो. शेडला दार नाही, मेंढ्या खूश आहेत. तू जुलैत होडीने येतेस म्हणालीस, त्यावर हेल्मीचा निकाल असा की एकदा फिटलेली शपथ दुसऱ्यांदा लागत नाही.

आणि मी. मी ऑगस्टमध्ये पैविक्कींबरोबर उत्तरेला जाणार आहे, दुसरी जंगलं मोजायला. पण पहिल्यांदाच असं होतंय की निघायच्या आधी परत कधी यायचं ते ठरलंय.

ते चित्र बाबांनी स्वयंपाकघरात खिडकीशेजारी टाचलं आहे, तुझ्या कार्डाच्या बाजूला. काल रात्रीच्या जेवणानंतर त्या चित्रासमोर उभी राहून मी म्हटलं, "बाबा, आपलं टोक या चित्रात सापडतच नाही. ठिपका नाही ना."

त्यांनी चष्मा लावला. टोकावर जिथे काही दिसत नव्हतं तिथे बरोबर बोट ठेवलं.

"नाही ना दिसत?" म्हणाले. "म्हणजे पोचली."

तुझी,
टीरा